चित्र क्रमांक नऊ

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या खोलीत कपाटामागे एक कॅनव्हासची पिशवी उभी करून ठेवलेली आहे. तिच्यात बारा चित्रांचा एक संच आहे. वर दोन भोकं पाडून दोरीत ओवलेला. शिक्षकाने खुंटीला टांगावा आणि एकेक पान उलटत बोलावं, असा. बाराही चित्रं मी काढली. अकरांबद्दल मला काही म्हणायचं नाही. नवव्याबद्दल म्हणायचं आहे, आणि ते मी आठ वर्षं कुणाजवळही बोललो नाही. बायकोजवळही नाही.

बायको पुण्याला मुलीकडे असते. भांडण वगैरे झालेलं नाही. नातू लहान होता म्हणून गेली, नातू शाळेत जायला लागला तरी आली नाही. एकदा फोनवर म्हणाली, "तुमच्या घरात मले पाहुण्यासारखं वाटते. तुमी बोलतच नाही काही." मी सांगितलं की गॅसचं सिलेंडर आलं. माझं बोलणं हे असं.

मी मुळात चित्रकलेचा मास्तर. नागपुरातल्या एका खाजगी शाळेत होतो. ती नोकरी सोडून एका संस्थेत लागलो, कारण तिथे चित्र काढणारा माणूस हवा होता. संस्थेचं काम गडचिरोलीच्या पुढच्या जंगलात चाले. तिथली लढाई आता बरीच ओसरली आहे. बंदुका घेऊन फिरणारे काही शरण आले, काही मेले, काही निघून गेले. पण त्यांनी वाटांखाली पुरून ठेवलेलं सगळंच काही कुणी काढून नेलेलं नाही. पुरणाऱ्यालाच जागा आठवत नाही, किंवा पुरणाराच राहिलेला नाही. गावं मात्र तिथंच आहेत. मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, सरपणाला माणसं जंगलात जाणारच. त्यांना 'जाऊ नका' म्हणून भागत नाही. कसं जायचं, ते शिकवावं लागतं.

आम्ही ते शिकवायचो. मळलेली वाट सोडायची नाही. माती ताजी उकरलेली दिसली, तार दिसली, कुणाचाच नसलेला एखादा डबा दिसला, तर हात लावायचा नाही. आल्या पावलांवर पाय देत मागे यायचं. मागून येणाऱ्यासाठी खूण ठेवायची. मग पोलीस पाटलाला सांगायचं. एवढंच. पण एवढंच सांगायला बारा चित्रं लागतात आणि अख्खी सकाळ जाते.

त्यातली ती खूण माझी.

नागपूरच्या ऑफिसात बैठक होती. खूण कोणती ठेवायची, यावर सगळे बोलत होते. कुणी म्हणालं लाल रंग, कुणी म्हणालं कवटीचं चित्र. मी सहसा बैठकीत तोंड उघडत नसे. त्या दिवशी म्हणालो, "रंगाचा डबा घेऊन मोह वेचाले कोण जाते?" सगळे हसले. हसले म्हणून मला आणखी बोलावंसं वाटलं. मी सांगितलं, की मी नागपूरजवळच्या कुहीकडचा. आमच्याकडे धान होतो. बांधीत, म्हणजे शेतात, रोपांसाठी पऱ्हे टाकले, किंवा नुकतं औषध मारलं, की धुऱ्यावर, शेताच्या कडेला, तीन दगड एकावर एक ठेवतात आणि त्यात एक हिरवी डहाळी खोचतात. गुराख्याला लांबूनच कळतं की इकडे यायचं नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. दगड आणि डहाळी, दोन्ही जंगलात फुकट मिळतात.

संस्थेच्या साहेबांनी टेबलावर हात आपटला. "हेच पाहिजे होतं मले. खेड्याची खूण, खेड्यालेच."

मी घरी आलो तो तरंगतच. बायको तेव्हा इथेच होती. तिला म्हणालो, "आज ऑफिसात माझं ऐकलं." ती म्हणाली, "बोलले तं ऐकतील ना." त्याच आठवड्यात मी चित्र क्रमांक आठ काढलं: तीन दगड, त्यांत खोचलेली पळसाची डहाळी आणि अलीकडे थांबलेला माणूस.

खेडं म्हणजे सगळीकडे एकच, असं मी धरून चाललो होतो. कुहीपासून त्या जंगलात पोचायला गाडीने अख्खा दिवस लागतो, हे मला माहीत होतं. त्या अख्ख्या दिवसात काय काय बदलतं, हे मी मनात आणलं नाही.

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीत पन्नासेक माणसं बसली होती. गावात गोंडी बोलतात. मराठीही बोलतात, आमच्याचसारखी, मले-तुलेची. पहिली सात चित्रं चांगली गेली. पोरांनी डबा ओळखला, म्हाताऱ्यांनी तार ओळखली. आठवं उलटलं आणि मागच्या ओळीत एक हात वर झाला. तिशीची एक बाई होती.

"मास्तर, हे तं देवाचं होय."

"कशाचं?"

"देवाचं. वाटेवरल्या देवाचं. असे गोटे दिसले का आमी बी एक गोटा ठेवतो, एक डहाळी तोडून वाहातो. न वाहाता म्होरं जात नाही."

मी म्हणालो, "बाई, तुमचा देव तिकडं राहू द्या. हा बॉम्बचा देव आहे. ह्याले वाहाले जासान तं तोच तुमाले घेऊन जाईन."

सगळी खोली हसली. पुढे बसलेला एक म्हातारा मागे वळून म्हणाला, "गप वं. मास्तर नागपुराहून शिकून आले, अन् तू त्याइले शिकवते काय?" आणखी हसू. मी पान उलटलं.

मला घाई होती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. गाडी थांबली होती, पुढचं गाव उजेडात गाठायचं होतं. ते खरं नाही. पाच मिनिटं काढता आली असती. मला राग आला होता. आयुष्यात एकदा माझं कुणी ऐकलं होतं, आणि त्यात ही मागच्या ओळीतली बाई खोट काढत होती. म्हणून मी तिची थट्टा केली. थट्टा मला जमत नाही, पण त्या दिवशी जमली.

मोहाच्या दिवसांत बातमी आली.

त्याच गावातल्या एकाला नाल्याकडच्या वाटेलगत तार दिसली होती. मी शिकवलं होतं तसंच त्याने सगळं केलं. हात लावला नाही, पावलावर पाय देत मागे आला, अलीकडे तीन दगड रचले, डहाळी खोचली आणि पाटलाकडे गेला. सुरुंग काढणारं पथक यायला वेळ लागतो. तेवढ्यात त्या वाटेने बाजाराला जाणारी दुसऱ्या गावची माणसं गेली. त्यांना आमची चित्रं कुणी दाखवली नव्हती. एकाने दगड ठेवला, दुसऱ्याने डहाळी वाहिली. कुणी वाटेवरचाच दगड उचलला, कुणी कालचीच डहाळी पुन्हा वाहिली, म्हणून ती सगळी नशिबाने सुखरूप गेली. तिसऱ्या दिवशी ती बाई मोह वेचायला तिथे आली. तारेचं तिच्या कानावर आलेलं नव्हतं.

मी तिला पाहिलं ते नागपुरात, धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या वॉर्डात, स्फोटानंतर चौथ्या दिवशी. डावा पाय गुडघ्याखाली राहिला नव्हता. संस्थेचा फॉर्म भरायचा होता, म्हणून मला पाठवलं होतं. मी खुर्ची ओढून बसलो. तिने मला ओळखलं.

"मास्तर, मी इसरली नव्हती," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "तुमचे गोटे तीन असतात. हे तं वीस-पंचवीस होते. डहाळ्या वाळलेल्या होत्या, ताज्या बी होत्या. मले वाटलं, हा देवच होय. म्हणून डहाळी तोडाले दोन पावलं बाजूले गेली."

एवढं बोलून ती दमली आणि डोळे मिटून पडली. मी फॉर्म पुढे घेतला. पीडित व्यक्तीस प्रशिक्षण मिळाले होते का? होय. घटनास्थळी खूण होती का? होय. पीडित व्यक्तीने खूण पाळली का? पुढे दोनच चौकोन होते. मी 'नाही'वर बरोबरची खूण केली. खाली 'इतर माहिती' म्हणून तीन ओळींची जागा होती. ती मी कोरी सोडली.

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

खूण मी महिन्याभरात बदलली. दगडांऐवजी वाटेवर आडवी बांधायची लाल कापडाची पट्टी आणि प्रत्येक घराला पट्ट्यांची एक गुंडाळी. आधी शिकवलेल्या सगळ्या गावांत मी स्वतः पुन्हा फिरलो, दगडांचं सांगितलेलं मोडून काढलं. ऑफिसला कारण लिहून दिलं, की दगड सगळीकडे मिळत नाहीत. जंगलात दगड मिळत नाहीत, असं मी लिहिलं आणि ते मान्य झालं. कुणी विचारलं नाही.

मग साहेब म्हणाले, "लोकाइले खरी गोष्ट लागते. त्या बाईचं एक चित्र टाका. नाव नका लिहू." मी टाकलं. डोक्यावर टोपली घेतलेली बाई, लाल लुगडं, आणि तिचं एक पाऊल खुणेच्या पलीकडे पडत असलेलं. खाली मोठ्या अक्षरांत: खूण पाळली नाही. हे चित्र क्रमांक नऊ. ते गावोगाव गेलं. नाव नव्हतं, पण त्या भागात कोण ते सगळ्यांना माहीत होतं. मी स्वतः ते पान उलटून किती वेळा बोललो आहे! "या बाईले सांगितलं होतं. तिनं ऐकलं नाही." बायाबापड्या चुकचुकायच्या. मी पुढचं पान घ्यायचो.

कृत्रिम पाय कायमचा नसतो, हे मला तिच्यामुळे कळलं. राहिलेल्या पायाचं मांस झिजतं, पाय सैल होतो, घासतो, जखमा होतात. दोन-अडीच वर्षांनी नवा करावा लागतो. त्यासाठी ती धंतोलीला येई. पहिल्यांदा आली तेव्हा मीच बसस्टँडवर घ्यायला गेलो. पुढे तो रिवाजच पडला. ऑटो, केसपेपर, माप द्यायचं, प्लास्टर वाळेपर्यंत बाकावर बसून राहायचं. माझ्याकडे तेवढ्यापुरतं कुणीतरी येत असे. खरं सांगायचं, तर मी तिची वाट पाहायचो. घरातला माठ धुऊन ठेवायचो.

बाकावर ती बोलत बसे. एकदा पाय बनवणाऱ्या तंत्रज्ञाला म्हणाली, "काहून गा भाऊ, शहरातले पाय बी भाड्यानं असतात काय? दोन सालात वापस?"

तो हसून म्हणाला, "मावशी, तुम्ही लई चालता. शहरातल्या बायांना दिला, तर दहा वर्षं पुरते."

"मंग त्याइचा जुना मले द्या. नवाच असन."

मी हसलो, की ती माझ्याकडे पाहून म्हणे, "मास्तर हासले. आज पाणी येते."

एकदा तिने सहज सांगितलं, की सासरची माणसं भांडण झालं की एकच बोलतात: तुले सांगतलं होतं, तं तू ऐकलं काहून नाही? "मंग मी म्हणतो, नाही ऐकलं. काय करता! मास्तरच्या फोटोत बी तेच हाये म्हणतात." हे ती हसून सांगत होती. मी केसपेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तेव्हा बोललो असतो, तर तिची पाच वर्षं वाचली असती. मी म्हणालो, "चहा घेता काय?"

दर वेळी ती चारोळ्या आणायची. जंगलात वेचलेल्या, फोडलेल्या, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेल्या. "मास्तरीणबाईले द्या, खीर करतीन." मास्तरीणबाई पुण्याला असते, हे मी कधी सांगितलं नाही. त्या पुड्या मी एका डब्यात ठेवत गेलो. एकही सोडली नाही. चारोळ्या जुन्या झाल्या की खवट होतात. डबा उघडला की खोलीभर तो वास येतो.

या वर्षी ती आली, तेव्हा सोबत मुलगी होती. अपघाताच्या वेळी ही पोर बारा वर्षांची होती. आता कॉलेजात शिकते. संस्थेने गावोगाव शिकवायला तिथल्याच मुली नेमायचं ठरवलं, त्यात हिची निवड झाली होती. तीन दिवसांचं प्रशिक्षण नागपुरातच होतं. म्हणून दोन्ही कामं एकदम काढली होती. मला कुणी कळवलं नव्हतं. मी आता ऑफिसात रोज जात नाही. चित्रं लागली की बोलावतात.

आईच्या पायाला मापाचं प्लास्टर लावलं होतं, ते वाळत होतं. आम्ही तिघं बाकावर. मुलीच्या मांडीवर कॅनव्हासची पिशवी होती, माझ्या कपाटामागे आहे तशीच. मी ती लांबूनच ओळखली होती.

"सर, हे सगळे तुमीच काढले ना?"

"हो."

आई म्हणाली, "नववं दाखव."

"राहू दे ना माय."

"दाखव म्हणतो ना. आठ साल झाले आयकून राहिली. पाहू तं दे, कशी दिसतो मी."

मुलीने पानं उलटली. आईने चित्र हातात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं. कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचर चाललं होतं, नर्स कुणाला तरी ओरडत होती. 

"लुगडं लाल काहून? माहं हिरवं होतं. अन् टोपली कमरेले होती. रिकामी टोपली कोणी डोक्यावर नेते काय?" मग म्हणाली, "खाली काय लिवलं हाये?"

मुलगी वाचेना. मग माझ्याकडे पाहून बोलली. हळू, पण प्रत्येक शब्द सुटा.

"सर, परवा आमची परीक्षा हाये. एकेकीले एकेक चित्र देल्लं. मले हेच आलं. मले साऱ्याइच्या म्होरं उभं राहून सांगाचं हाये. मंग पुढं गावागावांत जाऊन बी हेच सांगाचं. मी काय सांगू? माह्या मायनं ऐकलं नाही, असं सांगू?"

मी तिच्याकडे न पाहता बोललो. समोर भिंतीवर हात धुण्याचं पोस्टर होतं, त्याच्याकडे पाहून.

"नाही," मी म्हणालो. "तुझ्या आईनं विचारलं होतं. मी ऐकलं नाही."

त्यानंतर मी सगळं सांगितलं. कुहीचे दगड, ऑफिसातलं टेबल, वर्गातली थट्टा, वॉर्डात तिने सांगितलेलं, फॉर्मवरच्या तीन कोऱ्या ओळी. जंगलात दगड मिळत नाहीत, हेसुद्धा सांगितलं. एवढं सलग मी आयुष्यात बोललेलो नाही. 

मुलगी आईकडे पाहत होती. आई चित्राकडे.

"मले मालूम हाये," आई म्हणाली. "मीच तं इचारलं होतं. मी इसरीन काय?"

"मग बोलल्या काहून नाही कधी?" मी विचारलं.

"मले वाटे, तुमी इसरले." तिने चित्र उलटं करून मांडीवर ठेवलं. "इतले गावं फिरता तुमी, इतल्या बाया पाहाता. येखादीनं काय इचारलं, ते कोणाच्या ध्यानात राह्यते? माणूस इसरला, तं त्याले काय म्हणाचं! माणूस चांगला हाये, गाडीवर घ्याले येते, चहा पाजते. म्हणून चारोळ्या आणो." तिने आता माझ्याकडे पाहिलं. "तुमाले ध्यानात होतं. साऱ्याच वेळी ध्यानात होतं."

मी हो म्हणालो.

तंत्रज्ञ प्लास्टर काढायला आला. ती त्याच्याशी नेहमीसारखं काही बोलली नाही. काम झाल्यावर कुबड्या घेतल्या, उठली आणि मला म्हणाली, "हितं सांगून काय फायदा? हितं कोण हाये आयकाले? आमच्या गावात येऊन सांगा. साऱ्याइच्या म्होरं."

त्या रात्रीच्या बसने त्या गेल्या नाहीत, प्रशिक्षणाच्या वसतिगृहात राहिल्या. बसस्टँडवर मी दोन दिवसांनी गेलो. मला येऊ नका म्हणालेल्या होत्या, तरी गेलो. लांब रसवंतीच्या सावलीत उभा राहिलो. बस निघाली आणि घरी आलो. परीक्षेत मुलीने नववं पान न उलटता सोडून दिलं, असं मला मागाहून ऑफिसातून कळलं. तिला कमी गुण मिळाले. तिने कारण सांगितलं नाही. ते सांगायचं काम तिने माझ्यावर ठेवलं होतं.

मी ऑफिसला लिहून दिलं. फॉर्मवरच्या त्या तीन ओळींत मावलं असतं तेवढंच लिहिलं आणि खाली सही केली. उत्तर आलं, की विषय जुना आहे, चित्र नऊ तूर्त वापरू नये. त्यानंतर मला चित्रांसाठी बोलावणं आलेलं नाही.

गावाला मी स्वतःच्या तिकिटाने गेलो. तीच ग्रामपंचायतीची खोली, रंग नवा. पुष्कळजण जमले होते. तिने घरोघर सांगितलं असावं. ती पुढच्या ओळीत बसली होती, नवा पाय पुढे पसरून. मी चित्र टांगलं नाही. उभा राहिलो आणि बोललो. बोलताना मला तो म्हातारा दिसला, ज्याने तिला गप केलं होतं. फार थकला होता. तो खाली पाहत होता.

माझं बोलणं झालं. मग मागून तिचा दीर असावा, त्याने विचारलं, "मंग तुमी ऐकून काहून नाही घेतलं?"

घाई होती, असं ओठांवर आलं होतं.

"मले वाटलं, मले मालूम आहे," मी म्हणालो.

"अन् इतले साल तिले बोल लावला आमी!" तो म्हणाला. मला नाही, स्वतःशीच. म्हातारा हळूच म्हणाला, "म्याच गप केलं होतं तिले." तिने कुणाकडेही पाहिलं नाही. सगळ्यांच्या आधी उठली आणि घरी गेली. चहा कुणी विचारला नाही. त्या गावात पहिल्यांदा. मी परतीच्या गाडीसाठी फाट्यावर चार तास बसलो. समोर कुणीतरी झाडाला लाल पट्टी बांधलेली होती, ऊन लागून गुलाबी झालेली.

नागपुरात आल्यावर मी नवं नववं चित्र काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. एक खोली, माणसं बसलेली, भिंतीवर टांगलेला संच, त्याच्याजवळ छडी घेतलेला मास्तर, आणि मागच्या ओळीत हिरव्या लुगड्यातली एक बाई, हात वर केलेली. खाली लिहिलं: विचारलेलं ऐकलं नाही. ते गुंडाळी करून मुलीच्या नावे पोस्टाने पाठवलं. पोच आली नाही.

पावसाळा संपत आला, तेव्हा एक दिवस दुपारी फोन आला. मुलगी होती. मागे दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती. तंत्रज्ञाचा आवाजही मी ओळखला. पाय टोचत होता म्हणून दुरुस्तीला आल्या होत्या. मला कळवलं नव्हतं.

"सर, ते चित्र पाण्यात भिजलं. नदी पार करताना. दुसरं पाहिजे होतं."

"तू ते दाखवते?"

"हो. साऱ्या गावांत. ते आठव्याच्या आधी दाखवतो मी. मंग बाया बोलतात. पह्यले बोलत नव्हत्या."

मी विचारलं, "आई आहे काय?"

"हाये ना. बाजूलेच हाये." फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज झाला. काही वेळाने ती परत आली. "बोलत नाही म्हणते. पण एक सांगाले लावलं."

"काय?"

"म्हणे, चित्रात हात वर केलेला हाये, तो चुकला. तिनं हात वर नव्हता केला. ती उभी राह्यली होती."

मी आठवून पाहिलं. मला हातच आठवत होता. आठ वर्षं मी हातच पाहत होतो. पण ती म्हणते तर तसंच असणार.

"करतो," मी म्हणालो.

"घ्याले मी येईन, सर. चार वाजता. तुमी येऊ नका हिकडे."

मी टेबल खिडकीशी ओढलं आणि कागद ताणून लावला. खोली, माणसं, मास्तर, हे लवकर झालं. मागच्या ओळीत ती. पुढे बसलेल्यांच्या डोक्यांआड तिचं कमरेखालचं सगळं झाकलं गेलं असतं; खरं तर तसंच काढायला हवं होतं. मी पुढच्या दोन माणसांना थोडं बाजूला सरकवलं. हिरवं लुगडं, नऊवारी, पोटरीपर्यंत खोचलेलं. पावलं काढायला मला नेहमीच कठीण जातं, म्हणून शेवटी ठेवली. साडेतीनला दोन्ही काढून झाली, जमिनीवर टेकलेली.